लाइव्ह म्युझिकवाल्या बारमध्ये बड्डे डिनर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (कोल्हापूरकरांसाठी)

आमचा नऊ जणांचा ग्रुप, शाळेपासूनचा. त्यात बुकिंगचं काम माझ्याच गळ्यात कसं पडलं ते आठवत नाही, एकदा कुठल्यातरी हॉटेलला फोन मी केला होता आणि तेव्हापासून ‘तुला म्हाईत असतंय की’ एवढ्यावर विषय संपतो. आता तर मित्रांचे मित्र, मेव्हणे, ऑफिसातली पोरं पण फोन करतात, भावा, गाणंबिणं असतंय तसल्या ठिकाणी बड्डे करायचाय, काय काय बघू. प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय. हॉटेलांची नावं मुद्दाम टाकली नाहीत, आज चांगलं असलेलं सहा महिन्यांनी बदलतं, गायक जातो, कुक जातो आणि शिव्या मला बसतात.

प्र. टेबल किती वाजताचं घेऊ?

साडेसातचं. नऊचं नाही, साडेआठचं पण नाही. ह्या सगळ्यातलं एकच उत्तर वाचायचं असलं तर हे वाचा आणि बाकीचं सोडून द्या.

कारण असं आहे की २००० सालचे आवाजाचे नियम आहेत, त्यात रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. गणपती-नवरात्रात सरकार काही दिवस बारापर्यंत सूट देतं ती वेगळी, ती तुमच्या बड्डेला नाही. म्हणजे रूफटॉप असो, गार्डन असो, हायवेकडंचं लॉन असो, दहाला गाणं बंद. आणि आपण कोल्हापूरकर काय करतो, नऊला घरातनं निघतो, साडेनऊला पोचतो, मेनू बघत वीस मिनिटं ‘तू सांग, तू सांग’ करतो आणि दोन गाणी ऐकून वर म्हणतो की लाइव्ह म्युझिक काय एवढं खास नव्हतं.

आमच्या ग्रुपमधल्या गुळवाल्याच्या चाळिसाव्या बड्डेला हेच झालं. (त्याचा मार्केट यार्डात गुळाचा व्यवसाय आहे म्हणून गुळवाला, स्वभाव गोड नाही.) आम्ही पोचलो ९:४० ला, केक लावेपर्यंत दहा, आणि मान वर करून बघतो तर गायक वायरी गुंडाळतोय. गुळवाला गेला त्याच्याकडं फर्माईश घेऊन, तो बिचारा हसत म्हणाला, दादा, दहा वाजले की. मग आम्ही चाळिशीचा सोहळा फ्रीजच्या घरघरीवर साजरा केला.

बंद हॉल असेल तर दहानंतरही आत गाणं चालू शकतं, आवाज बाहेर जायला नको एवढंच, पण परमिट रूमची स्वतःची बंद व्हायची वेळ असते आणि लास्ट ऑर्डर तिच्याही आधी घेतात. त्यामुळं फोनवर तीन गोष्टी विचारा: गाणं किती ते किती, आत आहे का उघड्यावर, लास्ट ऑर्डर किती वाजता. ‘लाइव्ह म्युझिक आहे का’ एवढंच विचारलं तर ते ‘आहे की’ म्हणणार, त्यांचं काय चुकलं.

प्र. साडेसात सांगितल्यावर लोक साडेसातला येतात का?

नाही. सात सांगा.

आपल्याकडं ‘निघालोय’ म्हणजे अंघोळीला चाललोय, ‘वाटेत आहे’ म्हणजे चप्पल घालतोय आणि ‘दसरा चौकात आहे’ म्हणजे खरंच निघालाय. (इथं पोरी पण ‘मी निघालोय’ असंच म्हणतात, पुण्याहून आलेल्या आमच्या वहिनींना पहिलं वर्षभर कळायचंच नाही की मेसेज नक्की कुणाचा.) इचलकरंजीहून येणारा नेहमी पहिला पोचतो आणि राजारामपुरीतला, ज्याला दहा मिनिटं लागतात, तो शेवटी. ह्यावर इलाज नाही. पहिले तिघं आले की स्टार्टर मागवून मोकळं व्हायचं आणि प्लेटचा फोटो ग्रुपवर टाकायचा, त्यानं बाकीचे लवकर हलतात.

प्र. घरी ‘बार’ म्हटलं की तोंडं वाकडी होतात. काय सांगू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारे पस्तीस-चाळीस वर्षांचे बाप्ये असतात हे विशेष. घरच्यांचं पण चुकत नाही. त्यांच्या डोक्यात बार अधिक गाणं म्हणजे वर्तमानपत्रातला डान्स बार. २००५ साली राज्यानं डान्स बार बंद केले तेव्हा गृहमंत्री आपल्या शेजारच्या तासगावचे आर. आर. आबा होते, त्यामुळं आपल्या भागात तो विषय घराघरात बोलला गेला. मग वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या, १७ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की टिप दिली तर चालेल पण नोटा उधळायच्या नाहीत, आणि प्रत्येक बातमीबरोबर तोच तो फोटो. आईच्या डोळ्यासमोर तो फोटो येतो.

आपण म्हणतोय ते वेगळं आहे. एक पोरगा गिटार घेऊन, एक कीबोर्डवर, एखादा त्या लाकडी खोक्यावर बसून तेच खोकं वाजवतोय, त्याला काहोन म्हणतात, आणि समोर फॅमिल्या जेवतायत. घरी ‘बार’ हा शब्दच घेऊ नका असं मी सांगणार नाही, लपवलं की जास्त संशय येतो. सरळ एकदा घेऊन जा. माझ्या आईला मी नेलं, तिनं सोलकढी घेतली, दोन जुनी मराठी गाणी ऐकली आणि निघताना म्हणाली, पोरगा सुरात आहे पण श्वास चुकीच्या जागी घेतोय. जिथं शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबार गायक म्हणून मान दिला त्या गावातली माणसं आहेत ही, गाण्याला नाही म्हणत नाहीत. त्यांना फक्त बघू दे.

प्र. स्टेजच्या अगदी पुढचं टेबल मिळतंय, घेऊ ना?

नको. हॉटेलवाला ते ‘व्हीआयपी’ म्हणून देतो आणि आपण फुगतो.

साधं बोलणं साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतं. स्पीकरपुढच्या टेबलवर मी एकदा मोबाईलवरच्या ॲपनं बघितलं तर नव्वदच्या वर काटा, ॲप काय अगदी अचूक नसतंय पण अंदाज येतो. अमेरिकेत कामगारांच्या कानांसाठी नायॉश नावाची संस्था जी मर्यादा सांगते ती ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ९४ ला फक्त एक तास. तुम्ही तिथं तीन तास बसणार, वर एकमेकांच्या कानात ओरडणार. आमच्या मास्तरनं त्या रात्री आपल्या बदलीची सगळी गोष्ट सांगितली, अर्धा तास, हातवारे करून. दुसऱ्या दिवशी कळलं की कुणालाच काय ऐकू आलं नव्हतं, आम्ही सगळे नुसत्या माना हलवत होतो. तो अजून बोलून दाखवतो.

उघड्यावर असाल तर स्पीकरपासनं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो, बंद हॉलमध्ये भिंतींमुळं तेवढा उतरत नाही. म्हणून स्टेज दिसेल असं पण स्पीकरच्या तोंडासमोर नसलेलं, बाजूचं, मधल्या रांगेतलं टेबल मागा. किचनच्या दाराजवळचं नको, संडासच्या वाटेवरचं तर नकोच नको. शक्य असलं तर आदल्या दिवशी जाऊन बघून या, चहा प्यायच्या निमित्तानं. बार आहे, चहा मिळणार नाही, पण बघून तर होईल.

प्र. किती जण बरे?

सहा ते आठ. नऊ झाले की दोन पार्ट्या होतात. आम्ही नऊ आहोत, अनुभवानं सांगतोय. लांबलचक टेबल लावलं की ह्या टोकाचा त्या टोकाला थेट निघतानाच भेटतो, त्यामुळं दोन टेबलं आडवी जोडून चौकोन करायला सांगा. बड्डेवाल्याला टोकाला खुर्ची देऊ नका, मधे बसवा, टोकाला बसवला की तो लग्नातल्या व्याह्यासारखा एकटा पडतो.

प्र. तांबडा-पांढरा मिळतो का असल्या ठिकाणी? का नुसतं क्रिस्पी अन् टिक्का?

मिळतो बऱ्याच ठिकाणी, पण ऑर्डर करायच्या आधी एक वाटी मागून बघा. पांढरा म्हणजे मटणाचं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, खसखस, काजू नाहीतर तीळ आणि खडा मसाला. तिखटाचा त्यात संबंध नाही. काही ठिकाणी कॉर्नफ्लोअर लावून घट्ट केलेलं पांढरं काहीतरी येतं, चमचा उभा राहतो त्यात. पांढरा प्यायचा असतो भावा, चमच्यानं खायचा नसतो. तांबड्याचं पण तसंच, कांदा-लसूण चटणीचा रंग वेगळा आणि वरनं ओतलेला तर्रीचा रंग वेगळा, कळतंय जिभेला.

माझं मत असं की गाण्याच्या जागी ताट मागवू नये. ताट हे खाली मान घालून, बाह्या सारून, घाम पुसत खायची गोष्ट आहे, ती खानावळीतच, दुपारी. तिथं ‘अजून रस्सा’ म्हणून वाटी पुढं केली की भरून मिळते, इथं प्रत्येक वाटीचं बिल लागतं. बारमध्ये मधे ठेवून सगळ्यांना हात घालता येईल असं मागवा. सुकं मटण, मसाला पापड, भाजलेले शेंगदाणे, चिकनचं काहीतरी कोरडं, आणि शेवटी भाकरी-रस्सा दोघात एक. आमचा इंजिनियर प्रत्येक वेळी मंच्युरियन मागवतो आणि प्रत्येक वेळी तेवढंच उरतं.

प्र. ग्रुपमध्ये कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. कसं जमवायचं?

बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यातही संकष्टी आली का बघा. श्रावणात बड्डे असला तर दोनच रस्ते: आधी गटारीच्या आठवड्यात उरकून घ्या, नाहीतर शुद्ध शाकाहारी करा आणि कुरकुर करू नका. व्हेज खाणाऱ्यांचं मात्र आधी फोनवर बोलून ठेवा, कढई वेगळी वापरतात का विचारा. नंतर त्या माणसापुढं एकटं पनीर चिली ठेवून बाकीचे हाडं फोडत बसले की वाईट वाटतं, कितीही ‘मला चालतंय’ म्हणाला तरी.

प्र. वयाची अट असते का?

असते. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनला २१ पूर्ण, बाकी दारूला २५. कॉलेजची पोरं फोन करतात म्हणून मुद्दाम लिहितोय: एकविसाव्या बड्डेला तुम्ही व्हिस्की मागवू शकत नाही. वर पिण्याचं परमिट पण लागतं, एक दिवसाचं पाच रुपयाचं असतं, म्हणून तर आपण त्याला परमिट रूम म्हणतो. ओळखपत्र जवळ ठेवा.

आणि न पिणाऱ्याला आग्रह नको. ‘एक घोट घे की, माझी शपथ’ हे वाक्य लग्नापर्यंत ठीक होतं, आता आपल्यातल्या निम्म्यांना बीपीच्या गोळ्या आहेत.

प्र. बड्डे १५ ऑगस्टला आहे, चालेल का?

जेवण चालेल. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी, अनंत चतुर्दशी हे ड्राय डे. निवडणूक असली तर मतदान संपायच्या आधीचे ४८ तास पण बंद, आणि आपल्याकडं तर काही ना काही निवडणूक असतेच. माझ्या एका मित्राचा बड्डे २ ऑक्टोबरला, बिचारा आयुष्यभर ताक पितोय.

प्र. गाण्याची फर्माईश कशी करायची? किती करायची?

चिठ्ठीवर. दोन. संपलं.

बरं, थोडं जास्त सांगतो. गायक म्हणजे मोबाईल नाही की बोट लावलं की गाणं वाजलं. त्याच्याकडं ठरलेली गाणी असतात, काहींना तो ट्रॅक वापरतो, काही साथीदारांबरोबर बसवलेली असतात, आणि तुमचं गाणं त्याला येत असलं तरी कीबोर्डवाल्याला येत असेलच असं नाही. म्हणून चिठ्ठीवर एकाऐवजी दोन-तीन पर्याय लिहा आणि ‘ह्यातलं जमेल ते’ असं लिहा, मग बघा तो किती मनापासून गातो. चालू गाण्यात जाऊन खांद्यावर हात ठेवून कानात सांगायचं नाही. आणि बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं, एकतरी मागा राव, २५ जुलै १९१९ ला आपल्या कोल्हापुरातच जन्मलेला माणूस आहे. हिंदी सगळी टेबलं मागतात, मराठी चिठ्ठी आली की गायकाच्या चेहऱ्यावर फरक दिसतो, मी बघितलाय.

टिप द्यायची असली तर ब्रेकमध्ये सरळ हातात द्या नाहीतर त्यांचा डबा असतो त्यात टाका. स्टेजवर नोट नाचवत जायचं नाही, वर सांगितलाय तो फोटो आठवा. आणि एक गाणं संपलं की टाळ्या. हे सांगावं लागतंय ह्याचंच नवल वाटतं, पण कितीदा तरी माणूस जीव तोडून गातो आणि समोर सगळे मटणात. हात बरबटलेले असले तर मनगटानं वाजवा.

प्र. मला स्वतःला एक गाणं म्हणायचंय, देतील का?

बहुतेक देतात, ब्रेकच्या आधी विचारा. दोन गोष्टी माहिती पाहिजेत. पहिली तुमची पट्टी, म्हणजे कुठल्या सुरात गाता. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी एक, काळी एक वगैरे. माहिती नसलं तर साध्या आवाजात दोन ओळी म्हणून दाखवा, कीबोर्डवाला शोधून देतो. ‘ओरिजिनलमध्येच लावा’ म्हणणाऱ्यांचं अंतऱ्यात काय होतं ते अख्ख्या हॉटेलनं ऐकलंय.

दुसरी गोष्ट माइक. माइक घेऊन स्पीकरसमोर फिरायचं नाही, स्पीकरमधला आवाज परत माइकमध्ये जातो, तो परत मोठा होऊन बाहेर येतो आणि असं फिरत फिरत ती कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. माइकचं जाळीचं डोकं मुठीत धरलं तरी तेच. आमचा डॉक्टर रॅपर असल्यासारखा धरतो.

प्र. केक कधी कापायचा?

पहिला सेट संपता संपता. हे कुणी सांगत नाही म्हणून नीट लिहितो. बँडवाले साधारण पाऊण तास-तास गाऊन ब्रेक घेतात. गाणं रंगात असताना केक आणला की दोन्हीचा विचका, ब्रेकमध्ये आणला तर बँड बाहेर चहाला गेलेला. म्हणून आल्या आल्या मॅनेजरला आणि गायकाला सांगून ठेवा की ब्रेकच्या आधीचं शेवटचं गाणं आमचं. ते नेहमीचं बड्डेचं वाजवतात, केक कापला जातो, मग ब्रेक लागतो आणि त्या शांततेत फोटो, गप्पा, फोनवर गावाकडच्या काकूंचे आशीर्वाद सगळं निवांत होतं. साडेसातला पोचलात तर हे जमतं. साडेनऊला पोचलात तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर परत वाचा.

बाहेरचा केक चालतो का आणि त्याचे काही पैसे घेतात का ते आधी विचारा. क्रीमचा केक उकाड्यात टेबलावर ठेवू नका, त्यांच्या फ्रीजमध्ये द्या, पण माशांपासनं लांब म्हणावं. आमचा एक चॉकलेट केक सुरमईच्या शेजारी दोन तास होता.

प्र. तलवारीनं केक कापायचा का?

अजिबात नाही. शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि पुरावा आपणच स्टेटसला टाकलेला असतो. प्लास्टिकची सुरी केकबरोबर फुकट येते.

प्र. आणि ते फोम, स्प्रे, फटाकेवाली मेणबत्ती?

तोंडाला केक फासणं मला आवडत नाही हा माझा वैयक्तिक राग झाला, पण फोमच्या डब्यात दाबून भरलेला गॅस बहुतेक वेळा पेट घेणारा असतो आणि समोर मेणबत्ती जळत असते, हे वैयक्तिक नाही. केसांना, बाहीला भडका उडायला क्षण लागतो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना ज्यांनी बघितलं त्यांना आगीबद्दल जास्त सांगावं लागत नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं, पॅलेस थिएटर म्हणून १९१५ ला सुरू झालेलं, आणि दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती. त्या रात्रीपासनं मला सवय लागलीय, कुठल्याही बंद हॉलमध्ये बसलो की आधी दुसरा दरवाजा कुठाय ते बघतो. मित्र हसतात. हसू देत. तुम्ही पण बघा, आणि दारापुढं खुर्च्या रचून ठेवलेल्या असल्या तर टेबल बदलण्यापेक्षा हॉटेल बदला.

प्र. जुलै-ऑगस्टमध्ये बड्डे आहे, रूफटॉप घेऊ का?

आपल्या पावसावर विश्वास असला तर घ्या. पत्रा असला तरी पत्र्यावरच्या पावसात गाणं ऐकू येत नाही आणि तिरका पाऊस रश्श्यात पडतो. आत बसा. पाहुणे बाहेरगावचे असतील तर पंचगंगेची पातळी बघून तारीख धरा, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवरच पाणी आलं होतं, तेव्हा कसला बड्डे अन् कसलं काय.

प्र. लहान पोरं न्यायची का?

फॅमिली सेक्शन वेगळं आहे का आणि तिथं गाणं ऐकू येतं का, दोन्ही विचारा. एके ठिकाणी फॅमिली सेक्शन म्हणून आम्हाला अशा खोलीत बसवलं की गाणं भिंतीपलीकडनं नुसतं धप्प धप्प ऐकू यायचं. चार वर्षाखालची पोरं नऊनंतर पेंगतात, त्यांचे कान पण नाजूक असतात, लवकर या लवकर जा.

प्र. बिलात काय बघायचं?

आधी हे की जेवणाचं आणि दारूचं गणित वेगळं असतं. जेवणावर साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी. दारूवर जीएसटी नसतोच, राज्याचा व्हॅट असतो, तो परमिट रूमला नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ चा १० टक्के केला. समजा जेवण ६,००० चं आणि पिणं ४,००० चं, तर जेवणावर ३०० आणि पिण्यावर ४००, एकूण १०,७००. पूर्ण दहा हजारावर जीएसटी लावलेला दिसला तर विचारा. मेनूतली किंमत टॅक्स धरून आहे का वेगळा ते पण बसतानाच विचारा, उठताना विचारलं की भांडण वाटतं.

मग सर्व्हिस चार्ज. हा कर नाही, सरकारला जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सांगितलंय की बिलात आपोआप लावायचा नाही, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानं ते उचलून धरलं. नम्रपणे ‘हे काढा’ म्हणा, काढतात. नाहीच काढलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पण मग वेटरला हातात काहीतरी द्या की, नऊ जणांचे चौतीस वेळा बदललेले ऑर्डर त्यानं लक्षात ठेवलेत. सर्व्हिस चार्ज काढून घेऊन वर टिपही न देणारा माणूस आमच्यात एक आहे, नाव लिहीत नाही, त्याला कळलंय.

‘म्युझिकचे’ म्हणून माणशी वेगळे पैसे लावणार का हे पण बुकिंगलाच विचारा. एकदा आम्हाला बिलात दिसले, आणि गाणं आम्ही ऐकलं होतं दोन.

प्र. पैसे कसे वाटायचे?

बड्डेवाल्यानं पार्टी द्यायची ही आपली जुनी पद्धत, पण बिल पाच आकडी झालं की मैत्रीला घाम फुटतो. आमच्यात असं ठरलंय: जेवण सगळ्यांत समान, पिणं पिणाऱ्यांत समान, बड्डेवाल्याचं बाकीच्यांनी भरायचं, आणि एकानं भरून त्याच रात्री ग्रुपवर क्यूआर टाकायचा. सकाळी टाकलेला क्यूआर कुणी उघडत नाही. मास्तरकडनं अजून गेल्या वर्षीचे ४५० यायचे आहेत.

प्र. परत कसं जायचं?

ज्यानं घेतलीय त्यानं गाडीला हात लावायचा नाही. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची हद्द, पहिल्यांदा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा दोन वर्षं नाहीतर १५,०००. ‘मी फक्त दोनच घेतल्या, मला काय होत नाही’ हे जो म्हणतो त्याचीच किल्ली आधी काढून घ्या. आमच्यात पाळी लावलीय, प्रत्येक बड्डेला दोघं कोरडे. कोरड्यांना रश्श्याची पहिली वाटी आणि पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या सगळ्या बडबडीचा मारा.

रिक्षा ठरवून ठेवायची तर बसायच्या आधीच ठरवा, रात्री हायवेच्या बाजूला मिळता मिळत नाही.

प्र. दहाला गाणं बंद झालं, आता काय?

आता खरा बड्डे सुरू होतो. बिल भरायचं, गायकाला हात करायचा आणि गंगावेशीला दूध कट्ट्यावर जायचं. म्हैस समोर उभी, धार काढून फेसाळ ग्लास हातात. ज्यांनी घेतलीय त्यांनी दूध घेऊ नये असं डॉक्टर म्हणतो, तो नुसता बघत उभा राहतो आणि बाकीच्यांना सल्ले देतो. गेल्या वेळी गुळवाल्यानं तिथंच, मिशीला फेस लागलेला असताना, ते न मिळालेलं फर्माईशचं गाणं स्वतः म्हणायला घेतलं, विनामाइक, भलत्याच पट्टीत. म्हैस हलली नाही. दूधवाले मामा म्हणाले, पाव्हणं, दुसरं कडवं राहिलं की.